जुन्या ॲक्रिलिक टाकीसाठी पॉलिशचा संच: बाहेरून उपयुक्त, आतून बहुतेक अनावश्यक

माशांची वापरलेली ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची टाकी घरी आणून उजेडात धरली, की तिचे सारे पूर्वायुष्य एका नजरेत दिसते: स्पंजात वाळूचा कण अडकून उमटलेले लांब चरे, पाण्याच्या पातळीवर साचलेल्या क्षारांच्या पांढऱ्या रेषा, झाकण सरकवताना पडलेले ओरखडे आणि कोरड्या फडक्याने वर्षानुवर्षे पुसल्यामुळे आलेला धुरकटपणा. अशा टाक्यांसाठी ओरखडे काढण्याचे तयार संच मिळतात. त्यांपैकी एक संच १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच अशा, १२ मिलिमीटर जाडीच्या टाकीवर मी अखेरच्या तुकड्यापर्यंत वापरून पाहिला. हे परीक्षण त्या संचाचे आहे. मात्र टाकी स्वच्छ करण्याच्या बाकीच्या कामापासून ते वेगळे काढता येत नाही, कारण संचाचे बरेचसे यशापयश त्या कामावरच ठरते.

डब्यात ८००, १०००, १५००, २०००, ३००० आणि ५००० या क्रमांकांच्या वॉटर पेपरचे (ओले करून घासायच्या सँडपेपरचे; क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक) प्रत्येकी दोन तुकडे, रबराचा एक ठोकळा, भरड आणि बारीक अशा पॉलिशच्या दोन ट्यूब, ड्रिलला लावायची फोमची चकती, फ्लॅनेलचे एक फडके आणि चार घड्यांचे माहितीपत्रक आहे. तीन पायऱ्यांत टाकी नव्यासारखी होईल, असे डब्यावर छापले आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो: बाहेरच्या पृष्ठभागावरचा धुरकटपणा आणि उथळ ओरखडे यांसाठी संच खरोखर चांगला आहे, आतल्या बाजूला त्याची गरज फार कमी पडते, नखाला लागतील इतक्या खोल चऱ्यांसाठी तो अपुरा आहे, आणि त्यातली ड्रिलची चकती नसती, तर संच अधिक चांगला म्हणता आला असता.

संच उघडण्यापूर्वी एक तपासणी करावी लागते आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. ॲक्रिलिकच्या टाकीचे सांधे काचेच्या टाकीप्रमाणे सिलिकॉनने चिकटवलेले नसतात. डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक सांध्यात सोडले जाते, ते दोन्ही कडांचा थोडा थोडा भाग विरघळवते आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. त्यामुळे चांगला सांधा जवळजवळ पारदर्शक दिसतो. त्यात एखाददुसरा बारीक बुडबुडा असेल तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. पण कडेपासून आत सरकत गेलेला पांढरट, चंदेरी पट्टा दिसला, तर तो सांधा सुटू लागला आहे असे समजावे. दुसरी गोष्ट केशतड्यांची. प्लास्टिकच्या अंगातच उमटलेले, टॉर्च तिरपा धरल्यावर चमकणारे आणि बोटाला मात्र न लागणारे हे बारीक तडे अंतर्गत ताण आणि चुकीची रसायने यांच्या संयोगातून तयार होतात. अल्कोहोल, ॲसिटोन किंवा अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाने टाकी पुसत राहिल्याचा तो परिणाम असू शकतो. हे तडे केवळ पृष्ठभागापुरते नसतात, म्हणून कोणतेही पॉलिश त्यांच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, आणि सांध्याजवळ त्यांची जाळी दिसत असेल तर त्या टाकीत पाणी भरण्याचा विचार सोडून द्यावा. बर्लिनमधील ॲक्वाडोम ही सुमारे १० लाख लिटर पाण्याची ॲक्रिलिकची दंडगोल टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटली, आणि नंतरच्या तज्ज्ञ तपासणीतही तिचे कारण निर्विवादपणे सांगता आले नाही. घरगुती टाकीची त्या महाकाय टाकीशी तुलना होऊ शकत नाही. तरीही चकाकी आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवण्यासाठी ते उदाहरण पुरेसे आहे.

माझ्या टाकीचे सांधे स्वच्छ होते. तळाजवळ एका कोपऱ्यात तीन बुडबुडे होते आणि त्यांची जागा मी पेन्सिलीने कागदावर टिपून ठेवली, म्हणजे पुढे ते वाढले तर कळावे.

ॲक्रिलिकचा मूळ स्वभाव समजला, की संचाकडून काय अपेक्षा ठेवायची हेही समजते. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे त्याचे रासायनिक नाव; १९३३ साली ते ‘प्लेक्सिग्लास’ या व्यापारी नावाने बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी त्याचा मोठा वापर झाला. काचेच्या निम्म्याहून कमी घनता, आघात सहन करण्याची कितीतरी अधिक क्षमता आणि सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देणारी स्वच्छता हे त्याचे गुण. माझ्या मापाची टाकी ॲक्रिलिकची असल्यामुळे रिकामी असताना ३५ किलोच्या आसपास भरते. त्याच जाडीच्या काचेची ती ७५ किलोच्या घरात गेली असती. या सगळ्या गुणांची किंमत एका अवगुणात मोजावी लागते, तो म्हणजे मऊपणा. वाळूचा कण काचेपेक्षा ॲक्रिलिकवर कितीतरी सहज चरा पाडतो. मात्र याच मऊपणामुळे ॲक्रिलिकचा चरा हाताने घासून काढता येतो. काचेच्या टाकीत ती सोय घरच्या घरी जवळजवळ नाही.

आता स्वच्छतेविषयी, कारण इथेच माझा अंदाज सर्वांत जास्त चुकला. टाकी आणली तेव्हा आतल्या बाजूचा जो भाग मी ओरखड्यांच्या खाती टाकला होता, त्यातला निम्म्याहून अधिक भाग प्रत्यक्षात क्षारांचा थर निघाला. क्षारयुक्त (जड) पाणी उडून गेल्यावर मागे राहणारे कॅल्शियम कार्बोनेट चऱ्यांत जाऊन बसते आणि साधा, उथळ चराही पांढरा आणि खोल दिसू लागतो. त्यावर साधे पांढरे व्हिनेगर हा उत्तम उपाय आहे. टाकी आडवी करायची, जी बाजू खाली असेल तिच्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेली जुनी सुती फडकी पसरायची, वर प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि तासभर थांबायचे. आम्लाने कार्बोनेट विरघळते, कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे येतात आणि थर मऊ पडतो. दाट थरांसाठी हे तीनचार वेळा करावे लागले. व्हिनेगरऐवजी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवले तरी काम होते आणि वासही येत नाही. मऊ पडलेला थर काढायला प्लास्टिकचे जुने कार्ड वापरावे. दाढीचे पाते किंवा लोखंडी खरवडणी यांना ॲक्रिलिकच्या जवळपासही येऊ देऊ नये. भांडी घासण्याची हिरवी घासणीही याच वर्गातली आहे.

शेवाळ आणि रोगजंतू यांचा प्रश्न वेगळा आहे. पूर्वीच्या टाकीत कोणते आजार होऊन गेले हे सहसा कळत नाही, म्हणून एक भाग साधे, सुगंधरहित ब्लीच आणि वीस भाग पाणी असे द्रावण करून ते दहापंधरा मिनिटे सर्व पृष्ठभागांवर फिरवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्यात क्लोरीन काढणारे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण टाकावे. व्हिनेगर आणि ब्लीच यांची एकमेकांशी गाठ पडता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मी दोन्हींमध्ये एक संपूर्ण दिवस आणि दोन धुणी ठेवली होती. बाहेरच्या बाजूच्या जुन्या स्टिकरचा चिकटा थोड्या खाद्यतेलाने सैल झाला आणि सौम्य साबणाच्या पाण्याने निघून गेला. पाणी कोमट चालते, उकळते नव्हे.

ही सर्व धुलाई आटोपल्यानंतरच संचाची खरी गरज किती, हे कळते. म्हणून टाकी पाहताच संच मागवण्याची घाई करू नये, असे मी सुचवेन. धुतल्यानंतर आणखी एक छोटी परीक्षा करावी. ओरखड्यावर ओले बोट फिरवावे किंवा पाण्याचा फवारा मारावा आणि पाहावे. चरा ओला झाल्यावर नाहीसा होत असेल आणि तो टाकीच्या आतल्या बाजूला असेल, तर त्याला हातही लावू नये. याचे कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, सुमारे १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. या आकड्यांत अंतर जितके मोठे, तितका खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश अधिक विखुरतो. समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी हवा आणि ॲक्रिलिक यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के परावर्तित होतो, तर पाणी आणि ॲक्रिलिक यांच्या सीमेवर जेमतेम ०.३ टक्के. त्यामुळे रिकाम्या टाकीत जीव नकोसा करणारी आतली धुरकट छटा पाणी भरताच बव्हंशी दिसेनाशी होते. बाहेरची बाजू मात्र कायम हवेतच राहते. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा दिव्याच्या उजेडात उठून दिसतो. माहितीपत्रकात आत आणि बाहेर यांना सारखेच लेखून दोन्हीकडे सर्व पायऱ्या करायला सांगितल्या आहेत. हा सल्ला मानला असता, तर माझे श्रम दुप्पट झाले असते आणि डोळ्याला दिसणारा फरक जवळजवळ शून्य राहिला असता.

प्रत्यक्ष कामात संचातले वॉटर पेपर उत्कृष्ट ठरले, हे मोकळेपणाने सांगायला हवे. पेपरचे कण एकसारखे आहेत. वॉटर पेपरच्या रूढ युरोपीय मोजणीत ८०० क्रमांकाचा कण साधारण २२ मायक्रॉनचा आणि २००० क्रमांकाचा १० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखादा मोठा कण जरी चुकून कागदावर राहिला, तरी बारीक पायरीवर अचानक एक खोल चरा उमटतो आणि मागे फिरावे लागते. स्वस्त कागदांवर हा अनुभव मी घेतलेला आहे. या संचात तो एकदाही आला नाही. कागदाची पाठ पाण्यात तासभर राहूनही फाटली नाही. रबराचा ठोकळा हाताला बरोबर बसतो आणि कडेला किंचित गोलाई असल्यामुळे कोपऱ्याची रेघ उमटत नाही.

पद्धत अशी ठेवली: टाकी आडवी, घासायची बाजू वर, खाली जाड चादर, शेजारी स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या. एक बादली कागद धुण्यासाठी, दुसरी पृष्ठभाग धुण्यासाठी, आणि क्रमांक बदलताना दोन्हींतले पाणी बदलायचे. ८०० चा कण पाण्यातून १५०० च्या पायरीत शिरला, तर सगळी मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः. पहिला क्रमांक आडव्या दिशेने घासला, तर दुसरा उभ्या दिशेने घासायचा. मग आधीच्या पायरीच्या रेघा शिल्लक आहेत की नाहीत हे लगेच दिसते. आधीच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. दाब हलका, पाणी भरपूर. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून तपासायचे, कारण वरून पडणाऱ्या उजेडात अर्धवट काम पूर्ण झाल्यासारखे वाटते. या कामात एक मजेशीर टप्पा येतो: ८०० च्या पायरीनंतर संपूर्ण बाजू दुधाळ, अपारदर्शक होते आणि आपण चांगली टाकी कायमची बिघडवली अशी खात्री पटते. ३००० पर्यंत धीर धरावा लागतो.

धुरकटपणा आणि उथळ ओरखडे असतील तर ८०० पासून सुरुवात करण्याची गरजच नाही. मी पुढच्या बाहेरील बाजूच्या डाव्या अर्ध्या भागावर १५०० पासून सुरुवात केली आणि तो भाग उजव्या भागाइतकाच स्वच्छ झाला. उजव्या भागावर मात्र ८०० पासूनच्या सर्व पायऱ्या केल्या होत्या आणि तिथे दुपटीहून अधिक वेळ गेला. सर्वांत बारीक कागदापासून सुरुवात करून पाहावे, काम होत नसेल तरच एक पायरी खाली उतरावे, एवढे एक वाक्य माहितीपत्रकात असते तर वापरणाऱ्यांचे अनेक तास वाचले असते.

कागदांच्या संख्येत मात्र संच तोकडा आहे. पुढची बाहेरील बाजू १२० बाय ५० सेंटिमीटरची, म्हणजे ०.६ चौरस मीटर क्षेत्रफळाची. ती आणि एक छोटी बाजू होईपर्यंत १००० आणि १५०० चे दोन्ही तुकडे गुळगुळीत झाले आणि मला ते स्वतंत्रपणे आणावे लागले. लहान टाकीला संच पुरेल; या मापाच्या टाकीला ‘संपूर्ण संच’ हे डब्यावरचे शब्द लागू पडत नाहीत. सुटे कागद आणताना क्रमांकांची पद्धत एकच आहे का, हेही पाहावे, कारण पॉलिशसाठी मिळणाऱ्या मऊ पाठीच्या कापडांवरचे क्रमांक साध्या वॉटर पेपरच्या क्रमांकांशी जुळत नाहीत.

आता चकतीविषयी. माहितीपत्रकात ती ‘मध्यम वेगाने’ वापरायला सांगितली आहे. पाणी, दाब आणि थांबण्याची वेळ यांबद्दल अवाक्षर नाही. ॲक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि ते उष्णतेचे वाईट वाहक असल्यामुळे घर्षणाची उष्णता जिथल्या तिथे साठते. मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे बिघडले तरी दिसणार नाही अशा जागी, मी चकती चालवून पाहिली. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चिकट झाला आणि त्यावर सारवल्यासारखे फराटे उठले. दिसणारा बिघाड घासून काढता येतो. पण अशा तापण्याने प्लास्टिकमध्ये जो ताण अडकून राहतो, तो पुढे केशतड्यांचे निमित्त होऊ शकतो. यात भर म्हणून दुसऱ्या प्रयत्नात चकतीचा फोम तिच्या पाठीपासून सुटला. कुशल हातांना, कमी वेगात आणि सतत ओलावा ठेवून यंत्राने पॉलिश करता येते, यात शंका नाही. नवख्या माणसाच्या हाती सूचनांशिवाय ही चकती देणे मात्र मला बेजबाबदारपणाचे वाटते. पूर्ण बाजू मी हातानेच केली आणि त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

दोन ट्यूबपैकी भरड पॉलिश प्रामाणिक आहे. ५००० च्या कागदानंतर उरलेली हलकी, धुक्यासारखी छटा ते खरोखर कापून काढते आणि फडक्यावर त्याचा करडा चोथा दिसतो. बारीक पॉलिशबद्दल थोडी साशंकता आहे. ते लावल्यावर चकाकी फार झपाट्याने येते, आणि एवढ्या झपाट्याने येणारी चकाकी बहुधा ओरखडे भरून आलेली असते, ओरखडे घासले जाऊन नव्हे. खात्रीसाठी दोन दिवसांनी मी तो भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुतला. काही केसासारख्या बारीक रेषा परत दिसू लागल्या. म्हणजे त्यात तेलकट किंवा मेणासारखा घटक आहे. बाहेरच्या बाजूला तो असायला हरकत नाही, फक्त त्याला कायमचा उपाय समजू नये. पॉलिश पूर्ण झाले की नाही हे धुतल्यानंतर ठरवावे.

आतल्या बाजूला मात्र मी दोन्ही ट्यूब मुळीच वापरल्या नाहीत. भरड पॉलिशच्या वेष्टनावरच पेट्रोलियमजन्य घटकांचा उल्लेख आहे, आणि माशांच्या कल्ल्यांना आणि पाण्यातल्या जिवाणूंना जे सोसावे लागणार, त्याबाबत ‘धुतले की जाते’ या भरवशावर राहणे मला पटत नाही. आत जे चार चरे ओल्या बोटाच्या परीक्षेत टिकले, ते फक्त कागद आणि स्वच्छ पाणी यांनी ३००० पर्यंत घासले. कोरडे असताना तिथे किंचित निस्तेज डाग दिसत होते. पाणी भरल्यावर ते कुठे होते हे मलाही शोधावे लागले. संच माशांच्या टाक्यांसाठी म्हणून विकला जातो, तेव्हा कोणते पॉलिश पाण्याच्या बाजूला वापरू नये हे ठळक अक्षरांत छापणे हे उत्पादकाचे काम होते.

खोल चऱ्यांची गोष्ट वेगळी आणि संचाच्या आवाक्याबाहेरची आहे. नख अडकेल असा एक चरा पुढच्या बाहेरील बाजूवर, मध्यापासून थोडा उजवीकडे होता. ८०० च्या कागदाने तो अर्ध्या तासातही पुरता गेला नाही, तेव्हा ६०० चा कागद वेगळा आणावा लागला. अडचण एवढ्यावर संपत नाही. चरा काढायचा म्हणजे त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली उतरवायचा. फक्त चऱ्यापुरतेच घासले, तर तिथे उथळ खळगा तयार होतो आणि तो भिंगासारखा वागतो; त्यामागून जाणारा मासा क्षणभर आखडतो आणि पुन्हा पसरतो. हे टाळायचे तर चऱ्याच्या चहूबाजूंनी हातभर जागा हळूहळू उतरत्या दाबाने घासावी लागते. मी तो चरा सत्तर टक्के काढला आणि उरलेला राहू दिला. आता तो एका विशिष्ट कोनातून दिसतो, आणि त्याच्याकडे पाहणारा मी एकटाच आहे. माहितीपत्रकातले ‘खोल चऱ्यावर गोलाकार घासा’ हे वाक्य भिंगाचा दोष निर्माण करण्याची हमखास कृती आहे, असेच म्हणावे लागेल.

पॉलिशनंतरची गळतीची चाचणी संचाशी संबंधित नाही, तरी ती वगळून टाकी वापरात आणता येत नाही. या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे २७० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते, आणि तेव्हा एकट्या पुढच्या बाजूवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे १५० किलो वजनाइतका येतो. हा रेटा तळाशी सर्वाधिक असतो. ॲक्रिलिक लवचीक असल्यामुळे बाजू थोडी फुगणारच. वरच्या कडेला आतून जोडलेली आडवी पट्टी ते फुगणे आवरते, म्हणून ती पट्टी कुठे कापलेली किंवा तडकलेली नाही ना, हे पाहावे. टाकीचा संपूर्ण तळ आधारावर टेकला पाहिजे. केवळ चारी कडांवर ती ठेवू नये. मी जाड प्लायवुड, त्यावर फोमचा पातळ थर अशी बैठक केली आणि पाणसळ लावून दोन्ही दिशांनी समतल पाहिली. पाणी एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण अशा तीन टप्प्यांत भरले, सांध्यांखाली कोरडे वर्तमानपत्र पसरले आणि पूर्ण भरलेली टाकी तीन दिवस तशीच ठेवली. पुढची बाजू मध्यभागी ३ मिलिमीटर फुगली आणि तिथेच थांबली. कागद कोरडे राहिले. कोपऱ्यातले तीन बुडबुडे तीनच आणि तेवढेच होते.

टाकी चार महिने वापरात आहे. हाताने केलेले पॉलिश टिकले आहे; बारीक पॉलिशची उसनी चकाकी मात्र दोन महिन्यांत उतरली. ॲक्रिलिकवर स्थिर विद्युत लवकर साठते आणि धूळ चिकटते, म्हणून बाहेरची बाजू नेहमी ओल्या मायक्रोफायबर कापडानेच पुसतो. संचातले फ्लॅनेलचे फडके पहिल्याच धुण्यात धागे सोडू लागले, तेव्हा ते बाजूला ठेवले. आतून शेवाळ काढण्यासाठी ॲक्रिलिकसाठी बनवलेल्या मऊ गादीचा चुंबक वापरतो आणि तो वाळूच्या पातळीपासून चार बोटे वरच थांबवतो, कारण गादीत शिरलेला एक कण आठवड्याभरात आणखी एक चरा देऊन जातो.

गेल्या आठवड्यात पुढच्या बाजूवर मनगटातल्या घड्याळाच्या पट्ट्याने वीतभर लांबीचा एक नवा ओरखडा पडला. पाणी, झाडे, मासे सगळे जागच्या जागी ठेवून, टाकीखाली टॉवेल पसरून, ओल्या २००० च्या कागदापासून सुरुवात केली. मग ३०००, ५००० आणि चिमूटभर भरड पॉलिश. काम वीस मिनिटांत झाले आणि साबणाने धुऊन पाहिल्यावरही ओरखडा परत आला नाही. २००० आणि ३००० चे दोन्ही तुकडे आता संपले आहेत, आणि पुढच्या वेळी मी संपूर्ण संच न घेता फक्त हे कागद आणि भरड पॉलिशची ट्यूब सुटी मिळते का ते पाहीन.